सहाव्या सोमवारी उतरलेला कलश

देवावर माझा विश्वास होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या हट्टावर होता, हे आधीच कबूल करतो. मी ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरात कारकून, बिऱ्हाड दौलतगंजात. वय सत्तेचाळीस, तोंडात दिवसभर तंबाखू, ताटात तुपाची धार. थोरलीचं लग्न जुळेना म्हणून टेकडीवरच्या महादेवाला अकरा सोमवारांचा नवस बोललो. घरच्या विहिरीचं पाणी सोवळ्यात, अनवाणी न्यायचं. आमच्या घराण्याचा नेम कडक: भरलेला कलश वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, परक्याचा हात लागू द्यायचा नाही. नाहीतर नवस मोडला.

तिसऱ्या सोमवारी निम्म्या चढावर छातीवर कुणी पाटा ठेवावा तसा दाब आला. उभा राहिलो, तसा दाब थांबला. पुढच्या दोन सोमवारी तेच, शिवाय डावा हात जड आणि जबड्यात कळ. घरी येऊन ओवा-हिंग घेतला आणि हिला म्हटलं, "वायू आहे." ती म्हणाली, "अहो, मामंजींनाही असाच वायू व्हायचा. पन्नाशी गाठली नाही त्यांनी." मी खेकसलो, "देव परीक्षा पाहतोय माझी. मी मागे फिरणार नाही!" वडील पाटावरून उठता उठता गेले होते, आणि आम्ही सगळे अजीर्ण, अजीर्ण म्हणत बसलो होतो.

सहाव्या सोमवारी सकाळी तीस-चाळीस पायऱ्या उरल्या असतील. दाब आला, आणि थांबलो तरी जाईना. घाम फुटला, तोही गार. बसायचं तर खांद्यावरचा कलश उतरवायला हवा, आणि उतरवला की नवस गेला. म्हणून मी शहाणा, कठड्याला रेलून पुढची पायरी चढलो.

गवताचा भारा घेऊन उतरणारी एक म्हातारी आडवी आली. "बैठ जाओ, भैया." मी ओरडलो, "हाथ मत लगाना, सोवळ्यात आहे मी!" भारा टाकून तिने माझ्या खांद्यावरचा कलश सरळ काढून स्वतःच्या कमरेवर घेतला. "मेरे आदमी को भी ऐसा ही ठंडा पसीना आया था. वो भी नहीं बैठा." शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तसाच पायरीवर बसलो. नवस गेला म्हणून वाईट वाटलं आणि सुटलो असंही वाटलं. लहान मुलासारखा रडलो. तिने हाका मारून माणसं जमवली. त्यांनी मला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर चिडले. "चढताना दाब, थांबलं की आराम, हात-जबड्यात कळ, तंबाखू, वडील तसेच गेलेले. इतकं सगळं असून ओवा खात बसलात? हे हृदयाचं दुखणं आहे!" जिभेखाली ठेवायची गोळी दिली, सहा आठवडे अंथरुणावर ठेवलं. तंबाखूची डबी मी त्याच दिवशी फेकली. पुन्हा हात लावला नाही. हट्ट एकदा तरी कामी आला. नवस अर्धाच राहिला आणि थोरलीचं लग्न मात्र त्याच वर्षी ठरलं. असं का, ते मी कुणाला विचारत नाही.

फिरू लागलो तसा टांगा करून टेकडीच्या पायथ्याशी गेलो. म्हातारी गवत विकत बसली होती. घासून लख्ख केलेला कलश तिने पुढे केला. "पानी तो मैंने चढ़ा दिया था, भैया. तुम्हारा नाम मालूम नहीं था, तो भोलेनाथ से कहा, वो जिद्दी वाला है ना, उसी का है."

भर रस्त्यात मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ओझं खाली ठेव, एवढंच देव मला तीन सोमवार सांगत होता. मी ऐकेना, तेव्हा त्याने दुसऱ्याच्या हातून ते उतरवून घेतलं. आता दफ्तरात कुणी छाती चोळताना दिसला, की तो वायू म्हणो नाहीतर आणखी काही, मी त्याला आधी खाली बसवतो आणि मग डॉक्टरला बोलावतो.