हंबीररावानं नेसलेली साडी

आमच्या गगनबावड्याकडच्या वाडीत हंबीररावाएवढ्या मिशा कुणाला नाहीत. त्या माणसानं सुनेची साडी का नेसली, ते सांगतो. हसायचं ते हसून घ्या, पण पुरतं ऐका. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. बाक कुठला म्हणा, पोतं होतं.

त्याचा मुलगा सूरज आणि सून संयोगिता कबनूरला यंत्रमागावर कामाला गेली. मागं राहिली त्यांची दहावीतली पोरगी अक्षता, आजोबा आणि म्हस. म्हस भलती मानी. संयोगिता नसली तर फार तर अक्षताच्या हाताला दूध द्यायची. हंबीरराव जवळ गेला की शिंगं हलवायची.

संध्याकाळी डेअरी सहाला बंद होते. अक्षताची शाळा पाचला सुटते आणि एसटी वाडीत येते साडेसहाला. म्हणून धार काढायला पोरगी रोज तीनच्या गाडीनं परत यायची. शेवटचे दोन तास बुडायचे, त्यातला एक गणिताचा. सहामाहीत चाळीसपैकी सहा मार्क पडले.

सूरजचा फोन आला. "पूर्वपरीक्षेपतूर बघतो. तवाबी नापास झाली तर हिकडं आणतो. मागाला सुताच्या कांड्या भराय पोरी लागत्यातच की."

त्या रात्री हंबीररावाला जेवण गेलं नाही. सकाळीच माझ्याकडं आला.

"लेका, साडी नेसाय येती का तुला?"

"मला? माझं धोतर माझ्याच्यानं आवरंना!"

आमच्याकडं परक्या हाताला म्हस दूध देत नसली, की मालकिणीची साडी अंगाला गुंडाळून धार काढतात. पण हे बायकांनी करायचं. गडी एक वेळ म्हस विकेल, साडी नेसणार नाही. हंबीरराव सुनेची घरात राहिलेली साडी नेसला. शेजारच्या अंबूबाईनं निऱ्या घातल्या, मी पोट धरून हसलो.

म्हशीनं एकदा हुंगलं आणि लाथ घातली. बादली उकिरड्यावर!

अंबूबाईनं त्याच्या साडीचा पदर हुंगून बघितला. "अवो, साबणानं धुतलासा व्हय हिला?"

"मग? सुनंचं अंगावरचं कापड सासऱ्यानं तसंच घालायचं?"

"वासच धुऊन टाकला की वो! म्हशीला काय रंग दाखवतासा?"

मग कबनूरला फोन लावला. हंबीरराव अवघडला. शेवटी डोळे मिटून बोलला, "पोरी, चार दिवस नेसलेली साडी न धुता पाठीव."

संयोगिता म्हणाली, "मामा, म्हशीसाठी व्हय?"

"अक्षीच्या गणितासाठी."

पाचव्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं पिशवी दिली. साडीला मागावरच्या सुताचं तूस चिकटलेलं होतं. ती नेसून हंबीरराव खाली बसला. म्हशीनं बराच वेळ हुंगलं, मिशीपाशी जरा थांबली, मग मान खाली घालून वैरण खाऊ लागली. पान्हा सुटला तसं आम्ही श्वास सोडला. एवढ्यात रस्त्यावरून जाणारे दोघं थांबून हसायला लागले.

"हसा पावणं," हंबीरराव मान न वळवता म्हणाला, "पण हळू. म्हस बिथरंल."

दुसऱ्या दिवसापासून अक्षता साडेसहाच्या गाडीनं उतरू लागली. वास उडतो, म्हणून दर महिन्याला संयोगिता स्टँडवर येऊन कंडक्टरकडं नवी पिशवी द्यायची. पूर्वपरीक्षेत तिला चाळीसपैकी तेवीस पडले. फोनवर तिनं ते बापाला सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला.

त्या महिन्याची पिशवी देताना कंडक्टर म्हणाला, "ह्या टायमाला स्टँडवर द्याय सूरज सोताच आलता."