कोंबड्यांची माफी मागणारी मावशी

मावशी माणसांशी भांडायची आणि कोंबड्यांची माफी मागायची. हिवाळ्यात पहाटे चार वाजता शेडचे दिवे लावण्याआधी ती दाराशी थांबून म्हणायची, "उठिवते गं बायांनो. माझी झोप मोडली, तशी तुमची मोडते. राग धरू नगा." मग बटण दाबायची. अर्ध्या तासाने तीच बाई आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओरडायची, "चा हाय का आज, का नुसताच वास घिऊ?"

आमचं घर सोलापूरबाहेर, होटगीच्या रस्त्याला होतं. पप्पांनी नोकरी सांभाळून घरामागे कोंबड्यांची एक शेड उभी केली होती. मावशी सांगोल्याकडची. दुष्काळात कामाच्या शोधात इकडे आली आणि शेडवर राहिली. तिचा जन्म कोंबड्यांत गेला होता. पप्पांकडे कोंबडीपालनाची एक इंग्रजी पुस्तिका होती. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. हिवाळ्यात दिवस लहान होतो, अंडी कमी होतात, म्हणून दिव्यांनी दिवस लांबवावा, असं पुस्तिकेत होतं. ते ऐकून मावशी म्हणाली, "चला, बुकात एक तरी शाणी गोष्ट निगाली."

पण दिवा कधी लावायचा, यावर तिने पप्पांना पुस्तिका पुढे करू दिली नाही. दिवा पहाटेच. संध्याकाळी नाही. "कोंबडी उजेड उतरंल तशी आपल्या पायानं झोपाया दांडीवर चढती. सांजंला दिवा ठिवला तर ती खालीच चरत ऱ्हाती. मग तुमी बटण दाबलं, की आंधळी. कुटं चढंल ती?" पहाटे वीज गेली तरच ती संध्याकाळी दिवे लावायची. तेव्हा आधी शेडच्या टोकाला कंदील टांगायची, मग बल्ब घालवायची, आणि शेवटची कोंबडी दांडीवर चढेपर्यंत वात थोडी थोडी उतरवत राहायची. मी तिच्याजवळ उभी राहून ते कितीदा तरी पाहिलं होतं.

उबेच्या बाबतीतही ती कुणाचं ऐकायची नाही. जमिनीवर भुईमुगाच्या टरफलांचा जाड थर असायचा, त्यात ती कोपरापर्यंत हात खुपसून ऊब बघायची. थंडीसाठी पप्पांनी जाळीला थेट छपरापर्यंत गोणपाटं ठोकली, तर तिने विळा घेतला आणि वरची वीतभर पट्टी कापून टाकली. पप्पा चिडले. ती म्हणाली, "वारा नगं, पर हवा पायजे. तुमी नाकावर गोधडी घिऊन झोपता व्हय, सायेब?" ती फट पप्पा विसरले मात्र नाहीत.

मी फारशी बोलत नसे. घरात माझ्या अबोलपणाला वळण म्हणत. मावशी म्हणायची, "तोंड हाय का बटवा? सदा नाडी वडल्याली." एकदा म्हणाली, "इंग्रजी लई भरली असंल आत, म्हणून मराठीला भाईर याया वाट न्हाय." मला हसू आलं, पण मी तेही दाबलं.

पौषात तिची बहीण आजारी पडली आणि तिला दोन दिवस गावाला जावं लागलं. जाताना तिने पप्पांना नाही, मला बाजूला घेतलं. "पहाटं जाग आली तर दिवा लाव. न्हाय आली तर लावूच नगं. चार अंडी कमी येतील, येऊंदेत. पर सांजंला नगं. ध्यानात ऱ्हाईल?" मी मान हलवली.

पप्पा म्हणाले, "पहाटे चारला कोण उठणार? आठ वाजेपर्यंत दिवे ठेवू, हिशेब तोच." मी उठले असते. तसं म्हणाले नाही. दिवे एकदम मालवू नयेत, हे त्या पुस्तिकेतही होतं. पहिल्यांदा वाचताना पप्पा घाईत होते आणि ते वाक्य मी गाळलं होतं. आठ वाजता ते म्हणाले, "जा, बंद करून ये." मी म्हणाले, "पप्पा, कंदील..."

"काय?"

"काही नाही."

मी बटण दाबलं. खाली चरणाऱ्या सगळ्या कोंबड्या एकदम फडफडल्या. मग तो आवाज एका बाजूला सरकत गेला. आमच्या खिडकीतला उजेड मावशीच्या फटीतून ज्या कोपऱ्यात पडत होता, तिकडे. मी घरात येऊन जेवले.

सकाळी त्या कोपऱ्यात ढीग होता. वरच्या जिवंत होत्या.

दुपारी मावशी आली, तेव्हा पप्पा तयारच होते. "बघ तुझ्या फटीचे प्रताप. थंडी शिरली, सगळ्या एकमेकींना बिलगल्या आणि मेल्या." मावशीने एक कोंबडी उचलली. तुरा काळानिळा, पोटाची पिसं ओली. "गारठ्यानं न्हाय, ह्या चेंगरून मेल्यात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दिवा कुणी मालवला?"

"त्याचा इथे काय संबंध?" पप्पा म्हणाले. "चूक कबूल कर, नाहीतर चालती हो."

मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि थांबली होती. तिला माहीत होतं. तिला फक्त माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते मराठीत मला येत होतं. मी टरफलांकडे बघत राहिले.

"वड, नाडी वड," ती म्हणाली. मग त्या ढिगासमोर उकिडवी बसली. "चुकलं गं बायांनो. मी जायाला नगं हुतं." तिने गाठोडं उचललं आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेली. चहा तिने मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका उघडून ते वाक्य पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तिका माझ्या हातून घेऊन मिटली. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" प्रश्न बरोबर होता, म्हणून मला त्याचा अजून राग येतो. मी म्हणाले, तिला परत बोलवा. ते म्हणाले, "आता बोलावलं तर चूक आपली होती असं होईल."

"होतीच."

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मावशीला कुणी बोलावलं नाही.

उरलेला हिवाळा पहाटे चारला मी उठले. पहिल्याच दिवशी दाराशी थांबले, घसा साफ केला आणि कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता मोठ्याने म्हणाले, "उठवते गं बायांनो. राग धरू नका." मग बटण दाबलं.

घरातून पप्पांनी विचारलं, "कुणाशी बोलतेस?"

"तुमच्याशी नाही," मी म्हणाले.