साडेपाचचा पाळणा

१७ सप्टेंबर १९९६. पंधरा जोडप्यांची सहलीच्या वेळांची कार्डं लिहून दिल्याबद्दल सत्यजीतने कमलाकर दिघ्यांच्या हातावर दोन हजार दोनशे पन्नास रुपये ठेवले. सत्यजीत नवीन पनवेलमधून परदेशी सहली नेत असे. दिघे रसायनीच्या एका कारखान्यात हिशेब बघत आणि उरलेल्या वेळात खांदा कॉलनीतल्या आपल्या घरी बसून स्वित्झर्लंडचे डोंगर चढत. प्रत्यक्षात ते माथेरानच्या पुढे गेले नव्हते.

पण कागदावर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नकाशावरच्या वळणावळणाच्या पायवाटेवर दोरा अंथरायचा, तो उचलून पट्टीवर मोजायचा. तिकडे वाटेवरच्या पाट्यांवर मैल नसतात, किती तास चालायचं ते असतं. दिघे त्यात आपल्या माणसांच्या गुडघ्यांसाठी निम्मा वेळ आणखी मिळवत. सकाळी रोप-वेने वर, जेवण, मग उताराने रमतगमत मधल्या ठाण्यापर्यंत, आणि तिथून शेवटच्या पाळण्याने खाली. हे सगळं प्रत्येक जोडप्याच्या कार्डावर मराठीत, ठळक अक्षरात.

"तुम्ही त्या लोकांना घेऊन जाता की त्यांचा ताळेबंद मांडता?" त्यांच्या पत्नी सुनीताबाई विचारत.

"ताळेबंद जुळला तरच माणूस घरी येतो," दिघे म्हणत.

या खेपेला एकच गोष्ट अडली होती. सहल ऑक्टोबरची, पण छापील वेळापत्रक उन्हाळ्याचं होतं, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पाळणे लवकर थांबतात अशी खाली बारीक टीप होती. किती लवकर, ते नव्हतं. दिघ्यांनी बाजारातल्या बूथवरून थेट त्या ठाण्यावर फोन लावला. पलीकडच्या माणसाचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं.

"लास्ट केबिन डाउन? हाफ फाइव्ह."

"हाफ फाइव्ह? शुअर?"

"या, या. हाफ फाइव्ह."

दिघ्यांनी तिथेच बूथवर उभ्याने लिहिलं, साडेपाच. त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या पंधरा जोडप्यांत जासईचे बळीराम आणि भामाबाई होते. मिठागरात जन्म गेलेला माणूस. सरकारने जमीन घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड दिला, तो विकून हातात पैसा आला होता. कार्ड घ्यायला तो स्वतः दिघ्यांच्या घरी आला.

"दिघेसाहेब, मीठ बी पांढरा, बरफ बी पांढरा. मिठानं हिचं डोलं जालले. म्हनलं, आता थंड पांढरा दाखवू."

"एवढा पैसा घालून थंडीत मराला कोन जातंय?" भामाबाई म्हणाल्या, पण हसत. त्यांनी सुनीताबाईंकडून लोकरीच्या मोज्यांचं माप शिकून घेतलं होतं.

"वेळ तेवढी पाळा, बळीरामशेठ."

"येल? साहेब, भरतीचा पानी घ्याची येल चुकली तर अख्खा मिठागर बुडतंय. चाळीस वर्सं येकदा चुकलो नाय."

बळीराम गेला तो परत आला नाही.

ऑक्टोबरच्या एकोणिसाव्या दिवशी भामाबाईंबरोबर चालत खाली उतरताना तो त्या डोंगराच्या पायवाटेवर, अंधारात, कोसळून गेला. जरा आधीच बर्फ भुरभुरलं होतं. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं लिहिलं. बाकीची मंडळी थंडीने कंटाळून लवकरच खाली आली होती, आणि माणसांची मोजदाद करायची ती सत्यजीतने थेट रात्रीच्या जेवणाच्या वेळी केली.

सहल परतली तेव्हा गोष्ट तयार होती. "अहो, घड्याळ कळायला नको का? शेवटची केबिन चुकवली. पैसा आला म्हणून अक्कल येत नाही," असं एका बँकेतल्या गृहस्थांनी दिघ्यांना बाजारात सांगितलं. जासईतही तेच पोचलं: बळीरामला घड्याळ वाचता येत नव्हतं.

दिघ्यांना हे पटेना. चाळीस वर्षं पाणी न चुकवलेला माणूस. त्यांनी पुन्हा बूथ गाठला, पुन्हा तोच माणूस भेटला.

"हाफ फाइव्ह, सर. सिक्स्टीन थर्टी."

दिघ्यांनी सोळातून बारा वजा केले. सोळा तीस. साडेचार. त्या लोकांच्या जर्मन भाषेत अर्धा पाच म्हणजे पाचाला अर्धा तास कमी. आपण पावणेपाच म्हणतो, त्यात पाव कमीच असतो ना? रोज तोंडात असलेला शब्द, पण त्या दिवशी आठवला नाही. कार्डावर एक तास जास्त पडला होता, आणि तो बळीरामने विश्वासाने खर्च केला.

सत्यजीत म्हणाला, "काका, कोणाला कळणार आहे? त्याच्या कार्डाचं काय झालं कोण विचारतंय? तुम्ही बोललात तर माझं दुकान बसेल. तुम्हाला मेच्या सहलीत फुकट सीट देणार होतो मी."

"मोजदाद तू वेळेवर केली नाहीस, तो तुझा भाग," दिघे म्हणाले. "साडेपाच मी लिहिलं."

ते जासईला गेले. भामाबाई ओटीवर बसल्या होत्या. दिघ्यांनी उभ्यानेच सांगून टाकलं.

"म्हंजे कारड बरोबर वाचलानी त्यांनी."

"बरोबर वाचलं, वहिनी. चूक मी लिहिलं."

"वाटंवर येक खोपटा व्हता. मी म्हनलं, चला बिगी. तं म्हनाले, बस गं, साडेपाचला अजून येल हाय, च्या पिऊ. पालना कवाच निघून गेलता." मग डोळे वर करून म्हणाल्या, "ह्या तुमी मना हितं कानात सांगताव. तेराव्याला गाव जमंल. तवा सांगाल?"

दिघ्यांनी मान डोलावली.

तेराव्याला त्यांनी मांडवात उभं राहून सांगितलं. तारीख, फोन, शब्द, चूक. बळीरामच्या धाकट्या भावाने त्यांच्या अंगावर धाव घेतली. लोकांनी त्याला आवरलं. एक म्हातारा म्हणाला, "यवढा शिकल्याला मानूस, नि साडेचार आनि साडेपाच कलत नाय?" दिघ्यांना कोणी जेवायला बसवलं नाही, आणि ते बसलेही नसते. सत्यजीतचं दुकान वर्षभरात बंद झालं. दिघ्यांनी नकाशे रद्दीत घातले. पुढच्या दोन वर्षांत ते निवृत्त झाले, कुठेही गेले नाहीत.

मांडवाबाहेर पडताना भामाबाईंनी त्यांना थांबवलं होतं. क्षमा केली, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"त्या खोपटातल्या बाईला दोन च्याचं सात फ्रँक द्याचं रायलं. यांच्याकडं मोठी नोट व्हती, तिच्याकडं मोड नव्हती. उद्या द्या, असं तिनं हातानं सांगितलान. तेवढं धाडा."

दिघ्यांनी त्या ठाण्याला दोन पत्रं पाठवली. त्या खोपटाचा पत्ता ठाण्यावरच्या कोणालाही सांगता आला नाही. दोन चहांचे सात फ्रँक द्यायचे राहिले आहेत.