नागपूर ते कॅलगरी, सरळ रेषेत

लेक लग्न होऊन कॅनडात गेली. ते स्थळ आलं, तेव्हापासून मी मोबाईलवर नागपूर ते कॅलगरी हे अंतर मोजत असतो. दोन विमानतळांची नावं टाकली की नकाशावर रेघ उमटते आणि खाली आकडे येतात. बारा हजार किलोमीटरच्या जवळपास, चौदा तास. पण नागपुरातून तिकडे थेट विमानच नाही. असतं, तर चौदा तास लागले असते, एवढाच त्याचा अर्थ. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी सोयरीक जुळवताना घरात मी हाच आकडा सांगितला.

तेव्हा महागावचंही एक स्थळ आलं होतं. आमच्या दारव्ह्याहून महागावला जायचं म्हणजे जीप बदलत जा, सीट भरेपर्यंत ताटकळत बसा. मी बायकोला म्हणालो, "महागावले जाऊन याले अख्खा दिवस मोडते. इथं रात्री बसलं का सकाळी लेकीच्या दारात."

मोबाईलमधली रेघ पाहून ती म्हणाली, "हे वाट अशी वाकडी काहून? पार वरून, बर्फातून जाऊन राह्यली."

"पृथ्वी गोल हाय म्हणून तशी दिसते. सरळच हाय ते."

"तुमी म्हणता तं असंन."

स्थळाला होकार देताना लेकही तेच म्हणाली होती.

आमच्याकडे सासरी गेलेली लेक आपली आपण माहेरी येत नाही. भाऊ नाहीतर बाप तिला आणायला जातो. सणाला जातो, आणि सासरी काही बिनसलं तरी जातो. लेक 'आणाले या' म्हणाली की कारण विचारायचं नसतं, निघायचं असतं.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर, म्हणजे सणाचं काहीच निमित्त नसताना, ती फोनवर म्हणाली, "बाबा, मले आणाले या."

मी म्हणालो, "बाई, चौदा तासाचा रस्ता हाय. त्यात थेट विमान नाही. दिल्लीले बदला, मंग पुढं अजून कुठं बदला. माझा तं पासपोर्टबी नाही." मी बराच वेळ विमानांबद्दल बोलत राहिलो. शेवटी ती "बरं" म्हणाली.

फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे पाहत राहिली. "ते काय मागून राह्यली होती, अन् तुमी काय सांगून राह्यले? तिले भूगोल पाह्यजे होता काय?"

पुढच्या रविवारी मीच फोन लावला. "बाई, पासपोर्टाचं करतो. मी येतो तुले आणाले."

"नको बाबा," ती म्हणाली. "मला इथे छान करमतं. तुम्ही काळजी करू नका."

जन्मापासून मले-तुले करणारी पोर. असं शुद्ध ती फक्त परक्यांशी बोलायची. शेजारी कोणी बसलं होतं, की आता मीच परका झालो होतो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"तिकडं थंडी किती हाय?" मी विचारलं.

तिने अंश सांगितले. मी "बापरे" म्हणालो.

आता माझा पासपोर्ट आला आहे. ती दर रविवारी फोन करते आणि शुद्ध बोलते.