आठ तारखेची ओळ

आमच्या पेपरात एकोणतीस वर्षं ‘आजचा दिवस’ हे सदर लिहिणाऱ्या माणसाला सगळे तारीखवाले म्हणत. सदर म्हणजे चौथ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यातली बोटभर जागा. आजच्या तारखेला पूर्वी कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे युद्ध संपलं, कुठे पूल पडला. तेवढ्यासाठी या गृहस्थांनी तीनशे सहासष्ट पाकिटं केली होती, प्रत्येक तारखेचं एक. कुठेही काही वाचलं की चिठ्ठी लिहायची आणि त्या त्या पाकिटात टाकायची. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र त्यांना दरवर्षी बायकोकडून कळे.

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला जन्मतारीख विचारली आणि खूश होऊन म्हणाले, “वा. तुमच्या दिवशी तीन राजे गेलेत.”

“माझा त्याच्याशी काही संबंध नाही,” मी म्हटलं.

तेव्हापासून आमचं जमलं. माणूस सरळ होता. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. कुणी चूक दाखवली की रागवायचा नाही, पाकीट काढून लगेच दुरुस्त करायचा. असली माणसं मला आवडतात आणि त्यांचा रागही येतो, कारण जग त्यांना धड जगू देत नाही.

ते निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरात एक बाई ऑफिसात आल्या. साठी उलटलेली, डोळे जवळजवळ गेलेले, भिंतीला हात लावत लावत तारीखवाल्यांच्या टेबलापर्यंत पोचल्या. गावातल्या दोऱ्याच्या कारखान्याला चाळीस वर्षांपूर्वी आग लागली होती. एकोणीस माणसं गेली. आमच्या सदरात ही ओळ दर नऊ नोव्हेंबरला छापून यायची. कारखान्याच्या जागी नगरपालिकेने दगड बसवला, त्यावरही नऊच. दरवर्षी नऊला तिथे चार माणसं जमायची, फुलं ठेवायची.

“आग आठला लागली,” बाई म्हणाल्या. “नऊला नाही.”

“तुम्हाला खात्री आहे?” तारीखवाल्यांनी विचारलं.

“माझी थोरली बहीण त्यात गेली. आम्ही दोघी तिथेच कामाला होतो, आलटून पालटून दिवसपाळी. आठला माझी पाळी होती. माझं अंग दुखत होतं म्हणून ती गेली. तुम्ही नऊ लिहिता. नऊला तिचीच पाळी होती. म्हणजे ती आपल्या पाळीला गेली आणि मेली, असं होतं. ती माझ्या पाळीला गेली, बाबा.”

मी मधे तोंड घातलं. मला राहवत नाही. “मग इतकी वर्षं का नाही आलात?”

“बरं वाटायचं ना,” बाई म्हणाल्या. “सगळं गाव नऊ म्हणतंय, तर माझ्यावर काही येत नव्हतं. आता दिसत नाही, तर ती सारखी दिसते. मी मरायच्या आत एकदा खरं छापून येऊ दे.”

त्या गेल्यावर तारीखवाले जुन्या अंकांच्या खोलीत शिरले आणि चाळीस वर्षांपूर्वीचा बांधीव गठ्ठा घेऊन आले. नऊ नोव्हेंबरचा अंक, पहिलं पान. त्यांनी बोट ठेवलं. “काल दुपारी दोनच्या सुमारास,” अशी बातमीची सुरुवात होती.

काल. पेपर नऊचा, म्हणजे आग आठची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी अंकावरची तारीख बघून चिठ्ठी लिहिली आणि नऊच्या पाकिटात टाकली. अशी चूक फक्त पेपरवालाच करू शकतो. आणि तिच्यावर बावीस वर्षं शिक्का मारला तो मी, कारण हे सदर मी मागच्या वर्षीच्या सदराशी ताडून बघायची. चूक चुकीशी तंतोतंत जुळायची आणि मी खाली सही करायची.

“दगडही माझ्यामुळेच,” ते म्हणाले. “पालिकेच्या माणसाने तारीख मलाच विचारली होती.”

ते संपादकांकडे गेले. आमचे साहेब म्हणजे गुळगुळीत दगड, पाणी टिकायचं नाही. “आपण नऊ म्हणतो, पालिका नऊ म्हणते, मग आपणच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा? आधी दगड बदलू दे, मग छापू.” तारीखवाले पालिकेत गेले. तिथे सांगितलं, “दगड बदलायला ठराव लागतो. ठरावाला पुरावा लागतो. तुमच्या पेपरात दुरुस्ती छापून आणा.” जुना अंक दाखवला तर तिथला अधिकारी म्हणाला, “हा जुना आहे. नवीन आणा.” वर्षभर हा माणूस या दारातून त्या दारात फिरला. चपला झिजल्या, काम इंचभर हललं नाही. मी त्यांना म्हटलं, सोडून द्या आता. ते म्हणाले, “बाई, माझ्या हातून आजवर दुसरं काय झालंय? तारखाच तर झाल्यात.”

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले. सदर ते महिनाभर आधी लिहून ठेवत, त्यामुळे नोव्हेंबरचे सगळे कागद तयार होते. ते गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “म्हातारा जाता जाता काहीतरी करून गेला असेल. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघा. सही तुमची असते.”

सात तारखेला दुपारी माझ्यासमोर आठचं पान आलं. चार ओळी होत्या. तिसरी ओळ: “दोऱ्याच्या कारखान्याला आग, एकोणीस कामगार मृत्युमुखी.” मूळ कागदावर त्या ओळीखाली पेन्सिलीचे ठिपके होते. आमच्या धंद्यात ठिपके म्हणजे ‘आहे तसं राहू द्या’. ती खूण दुसऱ्या कुणासाठी नव्हती. ती माझ्यासाठी होती.

आता कशाला लपवू? माझी नोकरीची चार वर्षं उरली होती. नवरा घरी बसलेला, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. मी ती ओळ काढली, तिथे कुठल्याशा गणितज्ञाचा जन्म टाकला आणि आगीची ओळ नऊला नेऊन ठेवली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. मग सही केली. ती सही आजही कुणी बघितली तर माझी नेहमीचीच सही आहे.

आठला सकाळी बाई ऑफिसात आल्या. तारीखवाल्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की आठला येईल. त्यांची खुर्ची चाचपली, ती रिकामी लागली तशा त्या माझ्याकडे वळल्या. “जरा वाचून दाखवा हो.”

मी पेपर उघडला. समोर गणितज्ञ. आणि मी वाचलं, “आठ नोव्हेंबर. दोऱ्याच्या कारखान्याला आग, एकोणीस कामगार मृत्युमुखी.”

“कुठे आहे? माझं बोट ठेवा.”

मी त्यांचं बोट गणितज्ञावर ठेवलं. त्या बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “कापून द्या.” मी कात्रीने तेवढाच तुकडा नीट कापला आणि त्यांच्या हातात दिला. माझ्यासारखी नीच बाई त्या दिवशी सबंध गावात नसेल.

नऊला मी दगडापाशी गेले. तो कागद कसाही करून परत घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. पण मी पोचले तेव्हा बाई उभ्या होत्या, शेजारी तारीखवाले होते, फुलं घेऊन आलेला पालिकेचा अधिकारी होता. बाईंनी कागद तारीखवाल्यांच्या हातात दिला. “वाचा सगळ्यांसमोर. ऐकू दे यांना.”

तारीखवाल्यांनी आदल्या दिवशीचा पेपर बघितला असणारच. त्यांनी चष्मा लावला, कागद बघितला, आणि मला बघितलं. मग त्यांनी वाचलं, “आठ नोव्हेंबर. दोऱ्याच्या कारखान्याला आग, एकोणीस कामगार मृत्युमुखी.” उभ्या आयुष्यात त्या माणसाने जाणूनबुजून एक तारीख खोटी सांगितली नव्हती. आणि ही तर खरीच होती.

“बघू,” अधिकारी म्हणाला आणि त्याने कागद घेतला. वाईट माणूस नव्हता तो. “आजी, यात आगीचं काही नाही. कुणीतरी गणितज्ञ जन्मलाय.”

“असं कसं?” बाई म्हणाल्या. “यांनी आत्ता वाचलं. काल पेपरातल्या बाईंनीही हेच वाचलं. त्या कशाला खोटं वाचतील?”

मी दोन हातांवर उभी होते. मी तोंड उघडलं नाही. तारीखवाल्यांनीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. ते नुसते खाली बघत राहिले. त्या गप्प बसण्यावरून बाईंना कळलं.

त्यांनी कागद परत मागितला नाही. चाचपडत दगडाला हात लावला, कोरलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “नऊ तर नऊ. ती आपल्याच पाळीला गेली.”