सोमा वाघे यांच्या साक्षीचं जेवण

सोमा गणपत वाघे यांच्यावर अन्याय झाला तो २००६ सालच्या मार्चमधल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी सव्वादोन वाजता, भिवंडीजवळ कशेळीतल्या एका घराच्या ओट्यावर. आत जेवणाची ताटं मांडलेली होती. अन्याय करणाऱ्यांत त्यांचा शेठ होता, एका मुकादमाचा मुलगा होता आणि मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं वाचताना तुम्ही बाकीच्यांवर चिडाल आणि मला सोडून द्याल.

मी त्यांना सोमादादा म्हणायचो. पहिल्या भेटीत त्यांनी माझी हनुवटी धरली होती. भिवंडीत कामतघरला शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीशी मी कामगारांच्या हक्काची पत्रकं वाटत होतो. तेवीस वर्षांचा होतो आणि प्रत्येक वाक्यापुढं उद्गारचिन्ह लावत होतो. कागदात मान घालून मोठमोठ्यानं वाचत असताना एक खरखरीत हात आला आणि माझं डोकं वर झालं. समोर सडपातळ, पन्नाशीचा माणूस. "तोंड दाखव," तो म्हणाला. "तुझ्या कागदाला तोंड न्हाय. मला कलंल कसा?"

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये खटखटाटापुढं माणसाचा आवाज पोचत नाही. तिथं सगळे नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरच्याचे ओठ बघून ऐकतात. सोमादादा दहा लूम पलीकडच्या माणसाशी घरची दुखणीखुपणी बोलायचे. एकोणीस वर्षं त्यांनी त्या शेडमध्ये काढली, आणि तेवढ्यात कान पार गेले. "तुम्हाला कळलं कसं नाही?" मी एकदा विचारलं. "जाताना आवाज न्हाय केला त्यांनी," असं म्हणून ते स्वतःच खदखदून हसले.

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं: "बंद लूमकडं पाठ करायची न्हाय." एकटा माणूस चार लूम सांभाळतो. एकाचा धागा तुटला आणि लूम थांबला, की आधी तिकडं जायचं, धागा सांधायचा, मग बाकीचं. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की रस्त्यात कुणाची रिक्षा बंद पडली तरी ते थांबायचे. शेजारणीचा स्टो विझला तरी उठायचे. डोंगरातल्या पाड्यावरून पोरवयात भिवंडीला आलेल्या या माणसाला शहरानं बाकी काय दिलं मला माहीत नाही, ही खोड मात्र दिली.

मग एक दिवस मॅनेजर म्हणाला, तुला ऐकू येत नाही, तू धोक्याचा आहेस, उद्यापासून येऊ नको. आधी कान घेतले, मग कान नाहीत म्हणून काम घेतलं. आम्ही भरपाईचा अर्ज केला. शेठचं एका ओळीचं उत्तर आलं: या नावाचा कामगार आमच्याकडे कधीच नव्हता. हजेरीपटावर खरोखरच नाव नव्हतं. त्या शेडमध्ये कुणाचंच नव्हतं. लेबर ऑफिसातला साहेब भला होता. म्हणाला, याच्यावर देखरेख करणाऱ्या एका माणसाची सही आणा, मी केस उभी करतो.

असा माणूस एकच होता. म्हात्रे मुकादम, कशेळीचे, काम सोडून घरी बसलेले. त्यांनी निरोप पाठवला: शुक्रवारी जेवायला या, सही देतो, पण एक वाजेपर्यंत या. दोनला विलास जेवायला घरी येतो. विलास त्यांचा मुलगा. बापाच्या जमिनीवर त्यानं गोदाम बांधलं होतं आणि ते भाड्यानं घेतलं होतं सोमादादांच्याच शेठनं. म्हणजे विलास यायच्या आत जेवायचं, सही घ्यायची आणि निघायचं. इतकं सोपं होतं.

शुक्रवारी लूम बंद असतात. बारा वाजता कामतघरहून चार मोटरसायकली आणि सात माणसं निघाली. सोमादादा आणि एक मोटरसायकल, एवढं पुरलं असतं. पण मला एकजूट दिसायला हवी होती. मी 'कामगाराला त्याचं नाव परत द्या' असा लांब कापडी फलक रंगवून आणला होता. दोन गाड्यांवर मागं बसलेल्यांनी तो दोन टोकांना धरायचा, असं ठरवलं. सोमादादा माझ्या मागं बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "आरसा तुझ्या तोंडाकडं फिरव." मी फिरवला. त्यात मागची वाहनं दिसेनाशी झाली, पण माझे ओठ त्यांना दिसायला लागले. असे आम्ही बोलत बोलत निघालो.

अंजूरफाट्याला फलक सलीमभाईंच्या मागच्या चाकात गेला. सलीमभाई सोमादादांच्या बाजूचे लूम चालवायचे. त्यांनी चेनमध्ये गुंडाळलेलं कापड बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "नेताजी, जुम्मे की नमाज छोड़ के आया हूँ. ऊपरवाले को क्या बोलूँ, बैनर में फँस गया था?"

"कापून काढू," मी म्हणालो. कुणीतरी ब्लेड काढलं.

सोमादादांनी ब्लेडवर हात ठेवला. "कापड हाय. कापतोस कशाला?"

ते खाली बसले आणि बोटांनी एकेक वेढा सोडवू लागले. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण बोटांचा वेग तोच राहिला. आयुष्यभर ज्यानं कापड विणलं, त्याला ते फाडणं जमेना. पंचवीस मिनिटं गेली. फलक ग्रीसनं काळा झाला, पण अखंड निघाला. घडी करून त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि मला त्यावर चिडायलाही जमलं नाही.

राहनाळच्या पुढं तिसऱ्या गाडीची क्लचची तार तुटली. तेव्हा एक वाजायला आला होता. सलीमभाई सोमादादांसमोर उभे राहिले, ओठ नीट हलवत म्हणाले, "तू मेरे साथ आगे निकल. दस मिनट में छोड़ता हूँ. सही तेरी है, इनकी नहीं."

इथं सगळं वाचलं असतं. सोमादादांनी बंद गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या ओठांकडं. आणि मी काय म्हणालो? "एकत्रच जाऊ. फूट दिसता कामा नये." अख्ख्या रस्त्यावर फूट बघायला एक म्हैस होती.

"बंद गाडीकडं पाठ करून कसा जाऊ?" सोमादादा सलीमभाईंना म्हणाले आणि तार सांधायला बसले. त्यांनी मारलेली गाठ कशेळीपर्यंत टिकली. माझं पेट्रोल टिकलं नाही. काल्हेरला गाडी थांबली. गाडी आडवी करून टाकीतल्या उरल्यासुरल्या थेंबांवर पाच मिनिटं चालवली, मग ढकलली. सोमादादा मागून ढकलत होते आणि आरशात बघून विचारत होते, "म्हात्रेंकडं कोलंबी असंल कं रं?" पुढं एक कंटेनर गोदामाच्या फाटकात आडवा अडकलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना सगळा रस्ता उभा.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. विलास ओट्यावर उभा होता.

"जेवायला आलात, जेवा," तो म्हणाला. "कागद काढू नका. माझ्या घरात न्हाय."

मी काढला. मी भाषण केलं. शोषण, गद्दारी, इतिहास माफ करणार नाही, सगळं बोललो. विलासनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उद्या शेठनं गोदाम सोडला तर तुझा इतिहास भाडा भरंल कं?" मग सोमादादांकडं बोट करून बापाला म्हणाला, "बाबा, ह्याला वलखता?"

म्हातारे मुकादम दारात उभे होते. विलासनं पुन्हा विचारलं. त्यांनी मान खाली घातली. तेवढंच.

तरी आम्ही जेवलो. सोमादादा आत जाऊन बसले, म्हणून बाकीचे बसले. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सुके बोंबील. मुकादमांनी स्वतः वाढलं. सोमादादांच्या ताटात तीनदा कोलंबी घातली. मग विलासकडं पाठ करून मुकादम सोमादादांच्या अगदी समोर बसले आणि बराच वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मला वाटलं, म्हातारपणी माणसं पुटपुटतात तसं काहीतरी. सोमादादांचा घास हातातच राहिला होता; बाकीचे, सलीमभाईही, ताटात मान घालून जेवत होते.

परतताना मी आरशात विचारलं, "काय बोलत होते?"

"सगला सांगितला त्यानं," मागून आवाज आला. "कुठल्या दिवालीला मी लागलो, ते. माझे चार लूम कंचे, ते. माझा कान पयला कंचा गेला, ते बी. म्हनला, एकोनीस वरसं तू माझ्या समोर व्हतास."

मी करकचून ब्रेक मारला. पूर्ण साक्ष झाली होती. सात माणसं जेवत बसलेल्या खोलीत, माझ्यासमोर, दिवसाढवळ्या. आणि ती ऐकणारा एकटा सोमा वाघे होता, ज्याला ती आधीच माहीत होती.

"परत जाऊ," मी ओरडलो. "धरू त्याला."

"ओरडू नको, तोंड दाखव," ते म्हणाले. मी मागं वळलो. "त्याचा लूम बी बंदच हाय रं. धरून चालू व्हनार न्हाय. राहू दे." मग म्हणाले, "कोलंबी चांगली व्हती."

केस उभी राहिली नाही. मी आणखी पत्रकं छापली. मुकादमांकडं दोनदा गेलो, दोन्ही वेळा दार विलासनं उघडलं. पावसाळा संपल्यावर सोमादादा कशेळीच्याच रस्त्यावर, एका गोदामात, रोजंदारीवर गोण्या उचलायला लागले. तिथं मागं येणाऱ्या ट्रकखाली सापडले. ड्रायव्हरनं सांगितलं, मी हॉर्न दिला होता. दिला असेल. बातमी दोन ओळींची आली: अनोळखी मजूर ठार. तिथंही नाव नाही.

पाड्यावर माती द्यायला आम्ही गेलो, तेव्हा म्हात्रे मुकादम एकटेच आले होते. लांब, झाडाखाली उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मी बघत राहिलो. मला ते वाचता येत नाहीत, आणि ज्याच्यासाठी ते हलत होते त्याच्यावर माती पडत होती. माझ्या गाडीचा आरसा मी दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्याकडं फिरवला.

यात शिकवण शोधू नका. एक काम करा. तुमच्या शेडमध्ये, गोदामात, दुकानात, घरात जो माणूस वर्षानुवर्षं राबतोय आणि ज्याचं नाव कुठंच नाही, त्याचं पूर्ण नाव कागदावर लिहा. तो कधीपासून राबतोय ते लिहा. खाली तुमची सही करा आणि तो कागद त्याच्या हातात द्या. मनातल्या मनात नको, ओठांनी नको, सोबत कुणी यायची वाट बघत तर अजिबात नको. घड्याळ बघा आणि उठा. तुमचाही विलास दोनला घरी येतो.