आर्णीतली भरलेली टेबलं

दिवाळी उलटल्यावर आर्णीहून धाकट्या साळ्याचा, प्रभाकरचा फोन आला. "भाऊजी, लॉकडाऊनमध्ये बंद पडलेलं हॉटेल पुन्हा उघडावं म्हणतो. लोकायच्या हातात पैसा आला का, एकदा पाहून सांगा."

मी शिकलो दहावीपर्यंत, पण बाजार ओळखायला मला कोणाचा अहवाल लागत नाही. हॉटेलात बसून पाहतो: लोक पोटापुरतं खातात की वरून काही मागवतात.

वर्ध्याहून सकाळची एसटी धरली. कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं. उपाहारगृहं तुडुंब होती, पण चतुर्थी होती. ती गर्दी मी धरली नाही. (घाई असेल तर चतुर्थी टाळा, रांग मोठी असते.) यवतमाळला स्टँडसमोर तर्री-पोहे घेतले. तीस रुपये, तर्री झणझणीत, पोहे गार. निम्मी बाकं रिकामी.

दोन वाजता आर्णी. स्टँडजवळच्या भोजनालयात अकरा टेबलं, अकराही भरलेली. चिकन, भात, वरून जिलेबी. मला एका कोपऱ्यात कशीबशी जागा मिळाली. तिथूनच प्रभाकरला फोन लावला.

"उघड. बाजार वर आलाय."

"पक्कं ना भाऊजी? मंग कापसाच्या जिनिंगची नोकरी आत्ताच सोडतो. मालक सकाळपासून विचारून राह्यला, राहतो का जातो म्हणून."

"सोड."

जेवून हात धुवायला उठलो तर पाय अडखळला. टेबलाखाली बॅगा, गुंडाळलेली सतरंजी, पोत्यात बांधलेला गॅस. शेजारच्या टेबलाखालीही तेच. त्याच्या पलीकडेही.

"कुठं निघाले काका?" मी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"मी कुठं जातो! पोरगं अन् सून पुण्याले चालले, चारच्या ट्रॅव्हल्सनं. आता कवा येतीन कोणाले माहीत. म्हणून जिलेबी मांगवली."

गल्ल्यावरचा मालक हसला. "दिवाळीनंतर आठ दिवस असंच राह्यते साहेब. मंग माशा मारतो. तुम्ही नवीन दिसता इथं!"

प्रभाकरचा फोन तीनदा लावला. बिझी. अर्ध्या तासाने तो स्वतःच आला, हातात पेढ्यांचा पुडा. नोकरी सोडून आला होता; त्याच्या जागी जिनिंगच्या मालकाने लगेच आपल्या भाच्याला लावलंही. मी पाहिलेलं सगळं सांगितलं. त्याने टेबलाखालच्या बॅगांकडे पाहिलं.

"मले तर माहीत होतं भाऊजी, लोक जाऊन राह्यले," तो म्हणाला. "मले वाटलं, तुम्ही ते धरूनच बोलले असान."

वर्ध्याला परत येऊन महिना झाला. आर्णीचा रस्ता चांगला आहे, जेवण चवदार आहे, जरूर जा. प्रभाकरने हॉटेल उघडलं. पहिले चार दिवस रोज फोन करायचा, टेबलं भरली म्हणून सांगायचा. नंतर त्याचा फोन आला नाही, आणि बायको रोज म्हणते तरी मी लावलेला नाही.